फ्रिजवरचं वेळापत्रक

सोमवार, २ जून

काल पहाटे गढ गणेशाच्या नव्वदाव्या पायरीवर आमचे हे बसले ते बसलेच. जयपूरच्या मराठी मंडळाची सहल होती, डोंगरावरच्या देवळात. एकूण पायऱ्या तीनशे पासष्ट. मी मोजत चढत होते, कारण मोजल्या नाहीत तर खाली आल्यावर कोण किती चढलं यावर वाद होतात. सदतीस वर्षं रेल्वेत गार्ड म्हणून हिंडलेला माणूस नव्वदाव्या पायरीवर तोंड उघडं टाकून बसला आणि सत्तरीच्या बायका "मनोहरभाऊ, पाणी प्या" म्हणत शेजारून वर गेल्या. मीही बसले. मी सहज वर पोचले असते, पण यांना एकटं कसं सोडायचं? चांगली वीस मिनिटं बसलो. वारा छान होता.

आज तपासण्यांचे कागद आले. आमच्या मुलानं, गंधारनं, पुण्यात बसून आम्हा दोघांच्या तपासण्या परस्पर ठरवल्या होत्या. दोन पाकिटं आली. यांचं मी तिथल्या तिथे फोडलं. तीन महिन्यांची सरासरी साखर सहा पूर्णांक आठ. माझं पाकीट पंचांगामागे ठेवलं आहे. मला काही होत नाही, आणि घरात एका वेळी एकच पेशंट परवडतो.

संध्याकाळी डॉक्टर माथुरबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "तीन महीने देती हूँ. खाना, चलना, सोना ठीक कीजिए. नहीं तो गोली शुरू."

हे म्हणाले, "गोली ले लेंगे, उसमें क्या है."

यांचे थोरले भाऊ बापू भुसावळला असतात. तेही "गोळी घेतो ना" म्हणत वीस वर्षं जिलबी खात राहिले. मागच्या दिवाळीत त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला. मी दवाखान्यात बापूंचं नाव घेतलं. मग मीच बाईंना सांगितलं, ऑगस्टअखेर साखर सहाच्या खाली आणून दाखवते, आणि गणेश चतुर्थीच्या आत हे तीनशे पासष्ट पायऱ्या चढतील.

बाईंनी विचारलं, "और आपकी रिपोर्ट?"

"मेरी ठीक है," मी म्हटलं.

मंगळवार, ३ जून

वेळापत्रक तयार केलं आणि फ्रिजवर डकवलं. बावीस वर्षं शाळेत गृहविज्ञान शिकवलं ते कशासाठी?

पाचला उठणं. कोमट पाणी. पाच वीस ते सहा वीस चालणं. नाश्त्याला मोड आलेली मटकी. जेवताना आधी कोशिंबीर, मग भाजी आणि वरण, शेवटी एकच भाकरी. जेवल्यावर दहा मिनिटं शतपावली. आडवं होणं बंद. साखर बंद. रात्रीचं जेवण साडेसातला. मोबाइल साडेनऊला माझ्या ताब्यात. दहाला दिवा बंद.

यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, "हॉल्ट फार कमी दिलेत."

"वाढवायचे नाहीत."

"आणि यात तुझं नाव कुठे दिसत नाही."

मी म्हटलं, "वेळापत्रकात गाड्यांची नावं असतात. स्टेशन मास्तरचं नसतं."



शुक्रवार, ६ जून

चौथा दिवस. साखर बंद केल्यापासून हे चहाचा कप हातात घेऊन आत डोकावून बघतात, जणू तळाशी काही सांडलं आहे. चालायला मात्र न कुरकुरता जातात. घरापासून दुर्गापुरा स्टेशनापर्यंत आणि परत. बागेत गोल गोल चालणं यांना पटत नाही. "कुठे पोचतच नाही माणूस," म्हणाले.

मी चारला उठते. यांचा दुधीचा रस, मटकी, चालण्याचे कपडे, सगळं वेळेत तयार लागतं. दिवसा थोडं जड वाटतं. उन्हाळाच तसा आहे यंदा.

गुरुवार, १२ जून

गंधारला मुलगा म्हणून शंभरपैकी सत्तर देईन, पण अक्कल म्हणून पस्तीसच. बापाची साखर वाढलेली आणि हा केशर आंब्यांची पेटी पाठवतो. चोवीस आंबे. यांना रोज दोन फोडी, जेवणाच्या शेवटी. तेवढ्या मी दिल्या. मी काही राक्षस नाही.

पण इथल्या उन्हात आंबा थांबतो का? परवापर्यंत सगळे एकदम पिकले. चार शेजारच्या शेखावत भाभींना दिले, चार वरच्या भाडेकरू स्वप्नालीला. उरलेले काळे पडायला लागले. अन्न टाकणं माझ्या हातून होत नाही. दोन दिवसांत मीच संपवले. शेवटचा उभ्यानं, ओट्यापाशी, सालीसकट चोखून.

हे दारात उभे राहून बघत होते. "एखादा मला दे," म्हणाले.

"तुमच्या दोन फोडी झाल्या."

"मला नको गं, तुला कमी व्हावा म्हणून."

पुरुषांचे बहाणे.

शुक्रवार, २० जून

स्वप्नाली आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. नांदेडची. सीतापुऱ्याला कुठल्याशा कंपनीत संगणकावर बसते, वय सव्वीस, आणि रात्री अकराला दोन मिनिटांच्या शेवया खाते. तिलाही मी वेळापत्रकात घेतलं आहे. साडेसातला खाली यायचं, आमच्याबरोबर जेवायचं. तिचं ऑफिस उशिरा सुटतं वगैरे तिनं सांगून पाहिलं. मी म्हटलं, तुझं पोट ऑफिसात नोकरीला नाही.

तिच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ असतं. ते तिनं यांना दोन दिवस वापरायला दिलं. रोज साडेसात हजार पावलं! मला वाटलं होतं हे चार हजारांवर चहाच्या टपरीला चिकटत असतील.

आज ते घड्याळ मी बांधून पाहिलं. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तर शेवटच्या पायरीवर ते थरथरायला लागलं आणि लाल हृदय दाखवायला लागलं. एकशे अठ्ठेचाळीस. मी लगेच उतरवलं आणि स्वप्नालीला परत केलं. म्हटलं, बिघडलंय, दाखवून घे.

ती म्हणाली, "काकू, माझ्या हातावर तर बरोबर चालतंय. बहात्तर."

"मग त्याला तुझी सवय झाली असेल."

ती यांच्याकडे बघत होती. हे ताटातली काकडी मोजत होते.

शुक्रवार, ४ जुलै

यांचं वजन तीन किलोंनी उतरलं. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं, ते मी खिळा तापवून स्वतः पाडलं. मनातून फार बरं वाटलं. तसं यांना सांगितलं नाही, डोक्यात जाईल.

माझे मात्र सगळे ब्लाउज आटले आहेत. नवीन साबणाची पावडर चांगली नाही.

सोमवार, १४ जुलै

घरात तीन किलो साखर होती. डबा समोर दिसला की माणसाचं मन चळतं, म्हणून ती संपवणं भाग होतं. चहा मीच घेते घरात गोड, तेव्हा कपात एकाऐवजी अडीच चमचे घालत आले. काल डबा रिकामा झाला. घासून त्यात ज्वारीचं पीठ भरलं. एक मोहीम फत्ते.

हे हल्ली रोज सकाळी एकच वाक्य म्हणतात. "चल ना सुनेत्रा, तूही चल." मी म्हणते, मग रस कोण काढील? आज म्हणाले, "रस मी काढतो." खरंच काढला. ओट्यावर दुधीचा चिखल झाला, पण काढला. मग म्हणाले, "चल आता."

मी म्हटलं, हा चिखल कोण पुसणार?

यांनी बूट घातले. मग एकटेच गेले. जाताना कोपऱ्यावर थांबून वळून बघितलं. ती यांची जुनी खोड आहे. गार्डाला सारखं वळून बघावं लागतं, फलाटावर कोणी मागे राहिलं तर नाही ना ते.

रविवार, २७ जुलै

तीज. शेखावत भाभी आमच्या शेजारी तीस वर्षं आहेत आणि तीस वर्षं या सणाची खास मिठाई, घेवर, आणतात. यंदा मी दारातच सांगितलं, "इनको मना है." त्या म्हणाल्या, "तो आप खा लेना, भाभीजी. आपको किसने मना किया है?" आता यावर काय बोलणार? एक किलोचा, मलईचा, वर केशर-पिस्ते. कर्जमाफी झाल्यासारखा चेहरा करून हे बघत होते. यांना नखाएवढा तुकडा दिला. स्वप्नालीनं थोडा घेतला. बाकीचा झाकून ठेवला. दोन दिवसांत कोणीतरी संपवायला हवा आणि ते कोणीतरी मीच असते.

खरं लिहायचं तर घेवर मला फार आवडतो.

मंगळवार, २९ जुलै

घेवर नाहीसा झाला आहे. पाऊण किलो होता. डबा धुऊन पालथा घातलेला सापडला. घरात दोनच माणसं. मी विचारलं, "घेवर कुठे गेला?"

"संपला."

"कोणी संपवला?"

"मी," म्हणाले. अगदी शांतपणे. दोन महिन्यांची मेहनत. पाऊण किलो मैदा, तूप आणि पाक! मी बापूंच्या अंगठ्याची आठवण करून दिली. रात्री मला कितीतरी वेळ झोप लागली नाही. माझंच कुठे चुकलं का? मी फार कडक वागले का? कडक वागल्यामुळे माणसं चोरून खातात, हे मी वर्गात स्वतः शिकवलं आहे.

आणखी एक शंका. खाऊ नाहीसा होण्याचं हे पहिलं प्रकरण नसावं. शनिवारी उरलेले मुगाचे लाडूही असेच गेले होते. उद्या मी यांच्या मागून जाणार.

बुधवार, ३० जुलै

सगळं सविस्तर लिहिते.

पाच वीसला हे निघाले. हातात कापडी पिशवी. मी दोन मिनिटांनी निघाले, डोक्यावरून पदर, पायात स्वप्नालीचे बूट. रात्री पाऊस पडून गेला होता. हे पुढे, मी पन्नास पावलं मागे, पानवाल्याच्या बंद टपरीच्या आडोशानं. यांची चाल अगदी मंद होती. साडेसात हजार पावलं अशा चालीनं होत असतील तर त्यात काही राम नाही. तरी यांना गाठताना मला दम लागत होता. बुटांचा दोष, दुसऱ्याचे बूट घालू नयेत. दोनदा मी विजेच्या खांबाला धरून उभी राहिले. आणि कसा योग बघा, दोन्ही वेळा हेही पुढे थांबले. एकदा बुटाची नाडी बांधायला, एकदा कोणाच्या तरी दारातली जास्वंद बघायला. यांना फुलांचं कधीपासून वेड?

स्टेशनावर पोचलो. हे फलाटाच्या टोकाशी गेले. तिथे रुळांवर काम करणारी चौघं माणसं फावडी ठेवून बसली होती. यांनी पिशवीतून डबा काढला. "मैडम ने भेजा है," म्हणाले. त्यात लाडू होते, काल मी केलेले, स्वप्नालीसाठी. एकानं विचारलं, "साहब, घेवर फिर कब आएगा?"

मी खांबामागे उभी राहून ऐकत होते. म्हणजे हे स्वतः खात नव्हते. एक कणसुद्धा नाही. मोह नको म्हणून घरातून उचलून इथे आणून वाटत होते! मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाचा इतका निग्रह मी पाहिला नव्हता.

मी गुपचूप रिक्षानं घरी आले, यांच्या आधी पोचले, आणि काही दाखवलं नाही.

हे चालण्याची वही ठेवतात, गार्डाच्या जुन्या पद्धतीनं, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, विलंब आणि विलंबाचं कारण. दुपारी सहज चाळली. कालचं, "विलंब दोन मिनिटं, कारण गाय." आजचं, "विलंब चौदा मिनिटं, कारण मागची गाडी."

कुठली मागची गाडी? मी तर मागेच होते, रस्त्यात एक दूधवाला सोडला तर कोणी नव्हतं.

रविवार, १० ऑगस्ट

आज स्वप्नालीनं भरीत केलं, माझ्या देखरेखीखाली. वांगं गॅसवर भाजताना तिनं आईला व्हिडिओ लावला होता. आई नांदेडहून म्हणाली, "अगं, तू किती तरतरीत दिसतेस." मी कॅमेऱ्यात डोकावून सांगितलं, साडेसातचं जेवण. भरीत बरं झालं होतं. शेंगदाणे जास्त. यांनी एक भाकरी खाल्ली आणि माझ्या ताटाकडे बघत म्हणाले, "तू कधी बसणार?"

"तुमचं झाल्यावर."

"झाल्यावर तू पातेली पुसतेस. त्याला जेवण म्हणतात?"

स्वप्नाली हसली. दोघं हल्ली फार एकमेकांकडे बघून हसतात.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

पाच पूर्णांक आठ!

डॉक्टर माथुरबाईंनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. "मनोहरजी, कमाल कर दी." हे म्हणाले, "कमाल इनकी है." आणि दवाखान्यात, सगळ्यांसमोर, माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, अजून पायऱ्या बाकी आहेत.

निघताना बाईंनी परत विचारलं, "आपकी रिपोर्ट लाए?" यंदा पावसामुळे घरात इतके कागद ओले झाले, असं काहीतरी मी म्हटलं. हे छताकडे बघत होते.

बापूंना फोन केला. ते म्हणाले, "सुनेत्रा, तू आमच्या घरात का नाही जन्मलीस गं, बहीण म्हणून?" भुसावळच्या माणसांना कौतुकही रागावल्यासारखं करता येतं. मी दिवसभर गुणगुणत होते असं स्वप्नाली म्हणाली. मला आठवत नाही.

परवा गढ गणेश.

रविवार, २४ ऑगस्ट

जे झालं ते जसंच्या तसं लिहायचं ठरवलं आहे.

सहाला पायथ्याशी पोचलो. आभाळ होतं, ऊन नव्हतं, डोंगर हिरवागार झालेला. मी यांना म्हटलं, तुम्ही पुढे चला, मी मागून लक्ष ठेवते. हे म्हणाले, "नाही. तू पुढे. माझी जागा शेवटच्या डब्यात." मी मोठ्यानं मोजत निघाले. नव्वद आली. मी वळून बघितलं. हे घामाघूम होते पण उभे होते, आणि एका छोट्या पोरीला माकडापासून लाडू कसा लपवायचा ते शिकवत होते. शंभर. एकशे दहा. यांच्या बुटांचा आवाज मागे एकसारखा येत होता. मला मनातून नाचावंसं वाटत होतं.

पुढे आकडा कुठे सुटला कळलं नाही. एकशे चाळीसच्या पुढे असेल. मी एकदम बसले. छातीत लोहाराचा भाता, कानांत घोंघावणं.

हे एक पायरी खाली बसले. पाणी दिलं. मुठीत फुटाणे ठेवले. माझा श्वास ठिकाणावर आल्यावर मी विचारलं, "किती झाल्या?"

"मोजत तू होतीस."

"चुकले."

"तू?" असं म्हणाले, आणि हसले नाहीत.

मी म्हटलं, "तुम्ही जा वर. मी इथे बसते. तुमच्या पायऱ्या पुऱ्या करा."

"गार्ड पुढे जात नाही."

"नोकरी संपून सात वर्षं झाली तुमची."

"सवय नाही संपली." मग खालच्या शहराकडे बघत म्हणाले, "जूनमध्ये मी खाली का बसलो होतो, सांग."

"दम लागला म्हणून."

"लागला होता. पण चढलो असतो आणखी. तू ऐंशीच्या आसपास मोजायची थांबलीस. मी वळलो तर तू कठडा धरून उभी. म्हणून बसलो."

मी म्हटलं, "मग तेव्हाच सांगायचं."

"सांगितलं असतं तर बसली असतीस?"

खाली सगळं जयपूर पसरलं होतं आणि कुठूनतरी आरतीची घंटा ऐकू येत होती. मला वहीतलं जूनचं पान आठवलं. नव्वद हा आकडा मी घरी येऊन अंदाजानं लिहिला होता. माझ्याच वहीत, माझ्याच हातानं.

"आणि घेवर?" मी विचारलं.

"तू उभ्यानं संपवला असतास."

"लाडू?"

"तेही."

"मागची गाडी?"

"वही चाळतेस माझी? मागच्या गाडीला खांब फार लागत होते."

आता मला हसू आलं. हसताना दम लागतो म्हणून थांबले, तर जास्तच आलं. शेजारून चढणाऱ्या एका बाईनं विचारलं, "सब ठीक है, अम्माजी?" हे म्हणाले, "सब ठीक है, सिग्नल नहीं मिला है."

आम्ही तिथूनच वरच्या गणपतीला हात जोडले आणि उतरलो. उतरतानाही हे मागे.

सोमवार, २५ ऑगस्ट

पंचांगामागचं पाकीट फोडलं. यांच्यासमोर, स्वप्नालीसमोर. साखर सात पूर्णांक एक, आणि तीही मे महिन्यातली, आंब्यांच्या आणि तीन किलो साखरेच्या आधीची. हिमोग्लोबिन नऊ.

लगेच डॉक्टर माथुरबाईंकडे. हृदयाचा आलेख काढला, तो चांगला आला. रक्त परत तपासायला दिलं. दोन गोळ्या सुरू, एक साखरेची, एक लोहाची. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "जो आपने इनको सिखाया, वो आप खुद क्यों नहीं करतीं?" बावीस वर्षांत एकाही विद्यार्थिनीनं मला हा प्रश्न विचारला नव्हता.

चालण्याचं त्यांनी एक सोपं माप सांगितलं. चालता चालता बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की चाल कमी करायची.

हे म्हणाले, "डॉक्टर, इनका बोलना कभी नहीं टूटता. इसीलिए टूटा तो मैं डर गया." हिंदीत म्हणाले, हसत म्हणाले. मी पर्स उघडून उगाच रुमाल शोधला.

घरी आल्यावर यांनी फ्रिजवरचं वेळापत्रक काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला नवीन लिहिलं. गार्डाच्या अक्षरात, सरळ रेघा मारून. वर माझं नाव. पहिली ओळ, "जेवण बसून, गरम, सगळ्यांबरोबर." दुसरी, "पाचच्या आधी उठण्यास मनाई." तिसरी, "उरलेलं अन्न स्टेशनावर जाईल." शेवटी, "हॉल्ट भरपूर."

मी लाल पेनानं तपासलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. सही करून परत डकवलं.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती आले. उकडीचे एकवीस मोदक केले. कळ्या पाडताना स्वप्नालीनं दोन फोडले, ते तिच्याच ताटात वाढले. शेखावत भाभींकडे पाच, रुळांवरच्या माणसांसाठी आठ. हे डबा घेऊन निघाले तेव्हा मी म्हटलं, या वेळी "मैडम ने भेजा है" हे खरं असेल.

मग आम्ही तिघं एकाच वेळी जेवायला बसलो. आधी कोशिंबीर, भाजी, वरण, मग भात थोडा. शेवटी एक मोदक, तूप घालून, बसून. मी कितीतरी वर्षांनी मोदक गरम खाल्ला. सारण थोडं जास्त गोड झालं आहे हे मला आजच कळलं. नेहमी थंड झाल्यावर खाते, त्यात समजत नसावं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

साखर सहा पूर्णांक दोन, हिमोग्लोबिन साडेअकरा. ब्लाउज आटलेले नव्हते; ते परत मोठे झाले आहेत. साबणाच्या पावडरीची क्षमा मागते.

रोज स्टेशनापर्यंत जाते. सुरुवातीला अर्ध्या रस्त्यातून परत येत होते. आता गाडी येते तेव्हा आम्ही दोघं फलाटावर असतो. शेवटचा डबा पुढे सरकला की हे नकळत हात वर करतात. आतला गार्डही करतो. ओळख ना पाळख.

गुरुवार, २२ जानेवारी

माघातली गणेश जयंती. थंडी कडक, तोंडातून वाफ. स्वप्नाली, हे आणि मी सहाला पायथ्याशी.

मी पुढे होते, हे मागे. मी काही मोजलं नाही. स्वप्नालीला तिच्या ऑफिसातल्या एका मुलाबद्दल मला विचारायचं होतं, घरचे कुठले, जेवतो किती वाजता, झोपतो कधी. तिनं टाळाटाळ केली, मग सांगितलं. सोलापूरचा आहे, रात्री दहाला जेवतो. मी म्हटलं, खाली घेऊन ये, साडेसातला. त्यानंतर मी बापूंच्या नवीन बुटांचं सांगितलं, गंधारनं यंदा आंब्यांऐवजी काय पाठवायचं ते सांगितलं, शेखावत भाभींना रोज आमच्याबरोबर कसं चालायला लावलं ते सांगितलं. मधे दोन ठिकाणी थांबलो, कारण वेळापत्रकात हॉल्ट आहेत.

एकदम समोर देऊळच आलं. वारा असा सुटला की पदर सावरेना. खाली सगळं शहर उन्हात उजळत होतं. मी वळून यांना विचारलं, "किती झाल्या?"

हे दोन पायऱ्या खाली उभे होते. चष्म्यावर धुकं, टोपी तिरकी.

"कशा मोजणार," म्हणाले. "एक मिनिट गप्प बसली असतीस तर."